शेजारणीचा फ्रिज

तुमच्या घरी एक अनोळखी बाई आली, चहा पिता पिता तिने तुमचा टीव्ही बघितला, फ्रिज उघडला, भिंतीवरच्या ओलीकडे नजर टाकली आणि जाताना शेजाऱ्यांना तुमच्याबद्दल चार प्रश्न विचारले, तर तुम्ही तिला काय म्हणाल?

अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूच्या एका गल्लीत मला म्हणाले, "मॅडम, पोहे घ्या ना अजून."

ती अनोळखी बाई म्हणजे मी. माझ्या कामाला एफआय म्हणतात, फील्ड इन्व्हेस्टिगेशन. ऐकणाऱ्याला वाटतं मी पोलिसात आहे. प्रत्यक्षात काम साधं आहे. कोणी कर्जाचा फॉर्म भरला की फायनान्स कंपनी तो आमच्या एजन्सीकडे पाठवते. आम्ही घरी जाऊन बघायचं. पत्ता खरा आहे का, खोली स्वतःची की भाड्याची, घरात वस्तू काय काय आहेत. मग शेजारी विचारायचं, माणूस कसा आहे, कामाला जातो का. याला नेबर चेक म्हणतात. एवढं सगळं करून रिपोर्टवर शेवटी एकच शब्द लिहायचा, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह.

एजन्सी उल्हासनगरला, मी राहते बदलापूरला हेंद्रेपाड्यात. मधलं अंबरनाथ माझ्या वाट्याला आलं. गोष्ट २००७ सालची. तेव्हा कर्ज रस्त्यावर मिळत होतं. मोबाईलच्या दुकानाबाहेर मोठी छत्री, छत्रीखाली टेबल, टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा आणि मागे टाय लावलेला मुलगा. त्याला डीएसए म्हणायचं. कमिशनवर कर्ज विकणारा. हो, विकणाराच, कारण त्याला टार्गेट असतं. डाळ, गोडेतेल, सिलेंडर, सगळं चढत होतं आणि पगार होता तिथेच बसला होता. मधली फट बुजवायला हा छत्रीखालचा मुलगा हजर होता.

त्या बुधवारचा फॉर्म सुनंदा जाधव यांचा होता. काम, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात शिवलेल्या पँटींचे धागे कापणं. कर्ज तीस हजार. कारण, घरदुरुस्ती.

मला पाच वाजताची वेळ दिली होती. जवळची एक केस लवकर आटोपली म्हणून मी साडेतीनलाच पोचले. सुनंदाताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात फडकं होतं. मागे त्यांचे मिस्टर भरतदादा टीव्ही पुसत होते. एकच खोली. तिच्यात सोफा, टीव्ही, फ्रिज, दाराला नवाकोरा पडदा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजा हार.

मी सोफ्यावर बसले आणि माझा हात सोफ्याच्या डाव्या हातावर गेला. तिथे इस्त्रीचा तपकिरी डाग होता. आदल्याच आठवड्यात मी याच सोफ्यावर बसले होते. याच गल्लीत, पण दुसऱ्या घरात.

फ्रिज पलंगाला इतका खेटून उभा होता की दार उघडायला गादी दुमडावी लागली. वायर मागे गुंडाळून ठेवलेली. आत एकही बाटली नाही, अंडं नाही, कोथिंबीर नाही. खालच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा तेवढा होता. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेतात. डब्यावर ठसठशीत कोरलेलं होतं, सौ. कमल भालेराव.

"हा डबा?" मी विचारलं.

"आहेरात आलाय," सुनंदाताई पटकन म्हणाल्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सुनंदे, अगं माझी सुकटीची चटणी फ्रिजातच राहिली बघ. हे सेकंड शिफ्टला निघालेत, डबा भरायचाय."

कमलताई आत आल्या त्या मला बघून जागीच थांबल्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, हातात पोळ्यांचा डबा. त्यांनी कपाळावर हात मारला. "आली पण ही? पाचला येणार होती ना?"

"लवकर आले," मी म्हणाले.

"आता काय लपवायचं? पोरी, फ्रिज माझा. सोफा पलीकडच्या शोभाचा. टीव्ही तेवढा हिचा स्वतःचा, तो लिही. आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा असंच करतो आम्ही. खुर्च्या एकीच्या, कपबश्या दुसरीच्या, पडदा तिसरीचा. पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. आजवर एक लग्न मोडलं नाही त्यापायी. म्हटलं, हे कर्जवाले पण बघायलाच येतात. त्यांना फ्रिज दिसला पाहिजे असं तो टायवाला सांगून गेला. मग चौघांनी उचलून आणला. आता तुझं बघून झालं असेल तर नेऊ का? दूध बाहेर आहे माझं."

मला हसू आलं. खरं सांगते, मला त्या बायका आवडल्या. माझ्या फॉर्मवर 'ॲसेट्स सीन' असा एक रकाना असतो, दिसलेल्या वस्तूंचा. अख्खी गल्ली मिळून तो रकाना भरत होती.

मग मी नेबर चेक तिथेच सुरू केला. "भरतदादा काय करतात?"

"रिक्षा चालवतो. स्वतःची आहे," कमलताई म्हणाल्या. "सध्या गॅरेजला आहे. इंजिनाचं काम निघालंय."

शोभाताईंना विचारलं. गॅरेजला आहे. समोरच्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं. "गॅरेजला. ते मेकॅनिक लोक लुटतात बघा." मी वळून भरतदादांकडे बघितलं. ते दारातल्या चपला सरळ करत होते.

मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागून सुनंदाताई आल्या. हातात रिकामी कळशी होती, नळावर निघाल्यासारखी.

"मॅडम, रिक्षा गॅरेजला नाही."

भरतदादा मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत होते. कंपनी बंद पडली. हिशेबाचे जे पैसे आले ते त्यांनी रिक्षात घातले, उरलेलं कर्ज. रिक्षा चालत होती तोवर घर चालत होतं. मग त्यांना कावीळ झाली. दोन महिने अंथरुणात. हप्ते थकले. बरे होऊन पहिल्याच आठवड्यात स्टँडवर उभे असताना दोन माणसं आली, चावी मागितली आणि रिक्षा घेऊन गेली. आमच्या धंद्यात याला 'गाडी उचलणं' म्हणतात. उचललेली गाडी यार्डात ठेवतात. यार्ड म्हणजे कुंपण घातलेली मोकळी जागा. तिथे उभं राहण्याचंही भाडं लागतं आणि ते भरायचं असतं ज्याची गाडी नेली त्याने.

"फोन आला होता, शनिवारी लिलाव आहे. त्याआधी अठरा हजार भरले तर सोडतील."

"मग तीस कशाला मागता?"

"तो मुलगा म्हणाला, तीसच्या खाली केस बसत नाही."

"आणि घरदुरुस्ती?"

"ते पण त्यानेच लिहिलं."

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब सांगितला. तीसमधून फी कापून हातात कमी येणार. त्याचा हप्ता दीड हजाराच्या घरात. रिक्षाचा हप्ता आहेच. धागे कापून तुम्हाला मिळतात जेमतेम तीन हजार. भरतदादा एक दिवस आजारी पडले तर पुढच्या वेळी दोन माणसं नाही, चार येतील.

"मला काय कळत नाही का?" त्या म्हणाल्या. "पण रिक्षा गेली तर तीन हजारच राहतात. त्यात भाडं, पोरीची फी, किराणा बसवून दाखवा."

मी फॉर्म पिशवीत टाकला.

"गल्लीत सांगितलं का कोणाला?"

"नाही हो. यांनी स्टँडवरून घरी येऊन गॅरेज म्हणून सांगितलं, ते तसंच राहिलं." त्यांनी कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "फ्रिज मागता येतो मॅडम. हे कसं सांगायचं?"

उल्हासनगरच्या ऑफिसात मनोहरसेठ, आमचे मालक, चार फोन मांडून बसले होते. मंथ एंड होता. महिनाअखेरीला कर्ज विकणाऱ्यांना आकडा पूर्ण करायचा असतो आणि त्यांची घाई आमच्या मानगुटीवर बसते.

"जाधववाली केस?"

"सेठ, नवऱ्याची रिक्षा यार्डात आहे, शनिवारी लिलाव. आणि घरातला फ्रिज शेजारणीचा आहे."

"फ्रिज दिखा ना? दिखा तो लिख, दिखा. फ्रिजपे नाम लिखा था क्या?"

"फ्रिजवर नाही. आतल्या डब्यावर लिहिलं होतं."

ते एवढे हसले की पलीकडच्या टेबलावरच्या मुली बघायला लागल्या. मग डोळे पुसत म्हणाले, "देख साईं, पॉझिटिव्ह लिखेगी तो बाई को पैसा मिलेगा, सब खूश. निगेटिव्ह लिखेगी तो उसकी रिक्षा गयी. तुला कशाला टेन्शन? पैसे तू देते की कंपनी देते?"

"पॉझिटिव्ह लिहिलं तर वर्षभरात ती बाई बुडेल."

"वो रिकव्हरीवाले का डिपार्टमेंट है."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. कर्ज विकणारा एक, घर बघणारा दुसरा, वसूल करणारा तिसरा. प्रत्येकाचा हात तेवढ्यापुरता स्वच्छ. माणूस बुडतो तो नेमका या तिघांच्या मधल्या जागेत.

"केस पेंडिंग ठेवा," मी म्हणाले. "उद्या रिव्हिजिट करते."

"रिव्हिजिट का पैसा नहीं मिलेगा."

"नको."

माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं वाटली. कारखान्यांच्या गेटवर, विहारात, बाजारात. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या पातळ गुलाबी कागदांवर. त्यांत लिहिलेलं असायचं, एकत्र या. संपासाठी कसं एकत्र यायचं, मोर्चाला कुठे जमायचं, सगळं असायचं. हप्ता थकला तर कसं एकत्र यायचं, हे मी एकाही पत्रकात वाचलं नव्हतं. हप्ता थकला की माणूस दार लोटून घेतो. कर्ज विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो गल्लीला कर्ज देत नाही, एकेका दाराला देतो.

गुरुवारी सुनंदाताईंनी कामावर खाडा केला. दुपारी मी गेले. त्यांना म्हटलं, कमलताईंना तरी सांगा. त्या नाही म्हणाल्या. दोनदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा भरतदादाच उठले, शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, रिक्षा उचलून नेली. गॅरेजचं खोटं सांगितलं मी."

कमलताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे!" त्या सुनंदाताईंवर उसळल्या. "फ्रिज मागितलास तेव्हा चौघांच्या पाठी मोडल्या गं. आणि हे सांगायला तुझी जीभ मोडत होती काय? तीन आठवड्यांपूर्वीच तर माझी भिशी लागली होती. तेव्हा तोंड उघडलं असतंस तर गाडी यार्डात दोन रात्रीही राहिली नसती!"

सुनंदाताई रडायला लागल्या. कमलताईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता ऐक. तो फ्रिज माझा नाही. त्याचे हप्ते चाललेत. दोन थकलेत. ह्यांना पण माहीत नाही."

आवाज ऐकून शोभाताई आल्या होत्या. दाराला टेकून उभ्या. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं क्रेडिट कार्ड आहे. रोज फोन येतात. मी म्हणते राँग नंबर."

मग तिसरी बोलली. मग चौथी. टीव्ही, मोबाईल, दवाखाना, पोराचं ॲडमिशन. मी त्या गल्लीत चार घरांचे रिपोर्ट केले होते आणि चारही पॉझिटिव्ह गेले होते. सोफा एक, फ्रिज एक आणि त्या फ्रिजचेही हप्ते थकलेले. या बायका एकमेकींच्या घरातलं मीठ-मिरचीसुद्धा ओळखून होत्या. एकमेकींचा हप्ता मात्र कोणालाच माहीत नव्हता.

त्या संध्याकाळी भिशी फोडली. भिशी म्हणजे दर महिन्याला सगळ्यांनी पैसे काढायचे आणि चिठ्ठी निघेल तिने सगळे न्यायचे. या वेळी चिठ्ठी काढलीच नाही. शोभाताईंनी कपाटातली गणवेशाची रक्कम आणली. समोरच्या बाबांनी पेन्शनमधले दिले आणि वर बजावलं, "मेकॅनिकला नाही देत, तुला देतोय." अठरा हजार जमले. कमलताईंनी ते त्यांच्याच सुकटीच्या डब्यात घातले. डबा धुतलेला होता, तरी वास येत होता.

शुक्रवारी सकाळी भरतदादा, सुनंदाताई, कमलताई आणि मी, आम्ही चौघं यार्डात गेलो. सोनिवलीच्या बाजूला, नव्या इमारतींच्या मागे. पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस पेपर वाचत होता.

"गाडी नंबर?"

भरतदादांनी सांगितला. त्याने रजिस्टर बघितलंसुद्धा नाही. "ती गेली."

"गेली म्हणजे?"

"काल पार्टी आली होती. लॉटमध्ये पाच गाड्या घेऊन गेली."

"शनिवारी लिलाव होता ना?" मी विचारलं. "फोनवर शनिवार सांगितलं होतं."

"पार्टी काल आली," तो परत म्हणाला. जणू हे उत्तर होतं.

"नोटीस?"

"पाठवली असेल. पत्ता सापडला नसेल."

कमलताई पुढे झाल्या. "कर्ज द्यायचं होतं तेव्हा पत्ता सापडला. ही पोरगी दाराशी येऊन फ्रिज उघडून गेली. स्टँडवर गाडी उचलायची होती तेव्हा माणूस सापडला. गाडी विकताना तेवढं घर सापडेना तुम्हाला?"

"मावशी, मी इथे फक्त गाड्या सांभाळतो."

पुन्हा तेच. हासुद्धा तेवढ्यापुरताच होता.

त्याने ऑफिसला फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस सभ्य होता. रिक्षा जितक्याला गेली त्यापेक्षा कर्ज जास्त होतं, म्हणाला. बारा हजार अजून निघतात. कसे भरणार?

मी भरतदादांना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग त्या माणसाला विचारलं, "सीटखाली माझा खाकी शर्ट होता. तो तरी?"

त्याने शेडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक ढीग होता. पाण्याच्या बाटल्या, देवांच्या तसबिरी, पुसायची फडकी, लहान मुलांचे फोटो आणि खाकी शर्ट. एक नाही, दोन नाही. भरतदादा उकिडवे बसले आणि एकेक शर्ट उलटून कॉलरच्या आत बघायला लागले. त्यांचा शर्ट सापडायला बराच वेळ लागला.

परत येताना पैशांचा डबा कमलताईंच्या मांडीवर होता. गल्लीत पोचल्यावर त्यांनी ज्याचे त्याला मोजून परत दिले.

केसचं काय झालं? सुनंदाताईंनी फॉर्म मागे घेतला. रिक्षाच नव्हती, तर कर्ज कशाला? मी रिपोर्टवर 'ॲप्लिकंट विथड्रॉन' लिहिलं. मनोहरसेठ म्हणाले, "दो दिन में दो पैसे का काम नहीं." बरोबर होतं त्यांचं. काही महिन्यांनी निगेटिव्ह एरियाची नवी यादी आली. ज्या वस्तीत कर्ज द्यायचं नाही असं कंपनी ठरवते, त्या वस्त्यांची यादी. तिच्यात ती गल्ली होती. मी कमलताईंना जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तो टायवाला आता येणार नाही?" म्हटलं, नाही. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण हे कावीळ व्हायच्या आधी नाही सुचलं त्यांना."

भरतदादा आता दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवतात. आपल्याच रिक्षेचा नंबर त्यांना एकदा बदलापूर स्टेशनबाहेर दिसला. बारा हजार फिटायला वर्षं लागली. थोडे थोडे गेले. पण आता कोणाचे किती थकलेत हे गल्लीला माहीत असतं. भिशीच्या दिवशी चहा व्हायच्या आधी प्रत्येकीने आपला हप्ता मोठ्याने सांगायचा, असा कमलताईंचा नियम आहे. पहिल्या महिन्यात दोघी आल्याच नाहीत. दुसऱ्या महिन्यात आल्या. त्याने कर्ज कमी झालं नाही. पण त्यानंतर त्या गल्लीतून तिघींच्या वस्तू उचलायला माणसं आली आणि तिन्ही वेळा त्यांना एक बाई भेटली नाही, वीस भेटल्या. कागद दाखवा, म्हणाल्या. तिन्ही वेळा माणसं हात हलवत परत गेली.

मी अजून याच कामात आहे. लोकांचे फ्रिज उघडते. घरात काय आहे हे माझ्या फॉर्मवर मावतं, पण घर कशावर उभं आहे ते मावत नाही. एवढं शिकायला मला एक सुकटीचा डबा लागला.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. शेजारीण फ्रिज मागायला आली तर द्या, जरूर द्या, चौघांनी उचलून द्या. पण तो उचलायच्या आधी तिला खाली बसवा, आधी तुमचा हप्ता तिला सांगा आणि मग तिचा विचारा. हे आजच करा. यार्डातली पार्टी शनिवारपर्यंत थांबत नाही.